शेवटी मास्क

१

माझं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही, म्हणून आई मला लहानपणापासून पोपट म्हणते. शुश्रूषागृहात मला साबणताई म्हणतात, तेही पाठीमागे, जसं काही मला कळतच नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं हे घर, आणि इथं एकाचा आजार दुसऱ्याला लागू नये हे बघणं माझं काम. कुणी हात धुतले, कुणी नुसतेच ओले केले, कुणाचा मास्क नाकाखाली लोंबतोय, सगळीकडे माझं लक्ष. लोकांच्या नाकी नऊ आणायचाच मला पगार मिळतो, असं मी नव्या माणसांना पहिल्या दिवशीच सांगून टाकते.

थंडीत छातीच्या आजाराची साथ आत शिरली तेव्हा आम्ही इमारतीचा मागचा भाग वेगळा काढला. एका टोकाला चढवायची खोली, म्हणजे तिथं गाऊन, हातमोजे, गॉगल, मास्क असं सगळं किट अंगावर चढवायचं. मग लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना आजाऱ्यांच्या खोल्या. दुसऱ्या टोकाला उतरवायची खोली, तिथं किट काढायचं आणि बाहेर पडायचं. आल्या वाटेनं कुणी परत जायचं नाही. हवा खेळती राहावी म्हणून मी खिडक्या सताड उघड्या ठेवायला लावल्या. म्हातारी माणसं कुडकुडायला लागली तेव्हा प्रत्येकाला लोकरीचे हातमोजे आणि बटणांचा स्वेटर द्यायला लावला. बहुतेकांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होताच.

"ताई, आता आजारी कोण आणि आपण कोण, हे सांगायला पाटी लावा," असं आमच्या मावशी म्हणाल्या होत्या. मावशी म्हणजे आमची सगळ्यात जुनी मदतनीस.

त्या आजाऱ्यांमध्ये माझी आई होती. शेवटची खोली मी तिच्यासाठी भांडून घेतली. ती उतरवायच्या खोलीच्या बरोबर समोर येते, दोन्हीकडे काच आहे, त्यामुळे किट काढतानासुद्धा ती दिसत राहते. वशिलेबाजीच होती ती, पण मला काडीची लाज वाटली नाही.

किटमध्ये माणूस ओळखू येत नाही. म्हाताऱ्यांना वाटायचं, दर वेळी नवीनच कोणी येतंय, आणि बिचारी बिचकायची. म्हणून मी प्रत्येकाला गाऊनच्या छातीवर जाड मार्करनं एक चित्र काढायला लावलं. मावशींनी फूल काढलं. डॉक्टरांनी जे काढलं तो त्यांच्या मते हत्ती होता. मी अर्थातच पोपट.

"चोच बरी जमलीय," आई मास्कच्या आतून म्हणाली, "तुझ्यासारखी उघडी."

मी नेहमीच्या खुर्चीत बसले की पोपटाची चोच आईच्या उशीकडे यायची. हा माझ्याकडेच बघत असतो, असं ती सगळ्यांना कौतुकानं सांगायची.

२

किट चढवणं कुणालाही जमतं. फसगत होते ती काढताना. घाण सगळी बाहेरच्या बाजूला असते, म्हणून प्रत्येक गोष्ट उलटी करत काढायची, आतली बाजू बाहेर आणि घाण आत गुंडाळलेली. आधी हातमोजे, एकात एक. मग गाऊन, गोळा करून पिवळ्या पिशवीत. मग गॉगल. शेवटी मास्क. मधे दर वेळी हात चोळून स्वच्छ करायचे.

हे एकट्यानं करायचं नाही हा माझा नियम. दमलेला माणूस चुकतो. म्हणून बाहेरच्या स्वच्छ बाजूला, काचेपलीकडे, दुसरं कुणीतरी उभं राहतं आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून एकेक पायरी सांगतं. आतल्यानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही, ऐकायचं तसं करायचं. ते कसं सांगायचं हेही मीच शिकवलं. आवाज गोड ठेवायचा. घाई करायची नाही. माझं एक वाक्य तर सगळ्यांना पाठ झालं होतं, माझी नक्कल करताना तेच म्हणायचे, "सावकाश. कुणी मागे लागलेलं नाही."

आणि शेवटी, "मास्क निघाला की माणूस सुटला."

३

पहिल्यांदा मास्तर गेले. शाळेतून निवृत्त झालेले, करड्या शिस्तीचे गृहस्थ. दुपारच्या जेवणानंतर मावशी ताट उचलायला गेल्या तर ऑक्सिजनचा मास्क उशाशी पडलेला आणि मास्तर थंड.

"प्राणवायू कमी पडला की माणूस भ्रमतो," डॉक्टर म्हणाले. "हाताला लागेल ते ओढून काढतो. तुम्हाला मी काय सांगायचं."

खरंच होतं ते. मी कितीतरी वेळा पाहिलंय. पण ओढून काढणारा माणूस वस्तू भिरकावतो. मास्तरांचे लोकरीचे हातमोजे एकात एक घालून ठेवले होते. स्वेटर आतली बाजू बाहेर करून गुंडाळला होता. त्यावर चष्मा.

"मरतानासुद्धा शिस्त सोडली नाही हो," असं म्हणत मावशींनी डोळे टिपायला हात वर केला आणि गॉगल आड आला. मलाही तसंच वाटलं. म्हणजे तसंच वाटावं अशी मी मनाची समजूत घातली.

समोरच्या खोलीत शिंपीणबाई होत्या. उभा जन्म मशीनवर गेलेला, नजर अजून सुईसारखी. दुसऱ्या दिवशी मी त्यांचं बोट चिमट्यात धरून ऑक्सिजन बघत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्यातली ती एक जण गाऊन उलटा का घालते?"

"कोण?"

"मला काय माहीत कोण. शिवणी बाहेर असतात. छातीवरचं चित्रसुद्धा फिकं दिसतं, मागून शाई फुटल्यासारखं. कुणी शिकवलं नाही का तिला?"

माझं डोकं फिरलं. नवा गाऊन सरळ घडीचा येतो, तो उलटा घालायचं कुणाला सुचणारही नाही. उलटे गाऊन एकाच ठिकाणी मिळतात, पिवळ्या पिशवीत, वापरून काढलेले. म्हणजे कुणीतरी आळशी माणूस पिशवीतला गाऊन काढून पुन्हा घालतंय. घाण आतल्या बाजूला, थेट स्वतःच्या अंगाला. मी सगळ्यांना फैलावर घेतलं. जे तोंडात येईल ते बोलले. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मावशींना तर रडूच कोसळलं.

"ताई, मरायची हौस आलीय का कुणाला," त्या म्हणाल्या. "त्या पिशवीला हात लावायच्या कल्पनेनंच मळमळतं मला."

मग मी पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं बंद करायला लावलं आणि विषय संपला असं धरून चालले. शिंपीणबाईंना म्हटलं, परत आली तर तिला थांबवा आणि घंटी वाजवा.

"गोड बोलते पण," त्या म्हणाल्या. "तुमच्याहून गोड."

त्यांनी घंटी वाजवली नाही. हातमोजे एकात एक. उलटा स्वेटर, त्याच्या शिवणी मात्र बोटांनी दाबून सरळ केलेल्या. चष्मा. उशाशी मास्क. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं आणि मी पुन्हा मान डोलावली. पण वस्तू काढायची ती रीत भ्रमिष्ट माणसाची नव्हती. ती माझी होती.

काचेतून आम्हाला बघून बघून शिकले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. म्हातारी माणसं लहान मुलांसारखी असतात, बघतात ते करतात. पण मास्तरांच्या खोलीतून उतरवायची खोली दिसत नाही. शिंपीणबाईंच्याही नाही. ती एकाच खोलीतून दिसते.

४

"मगाशी आलीस तेव्हा एवढी गप्प का होतीस?" आईनं विचारलं.

मी तिच्या पाठीला उशी लावत होते. मगाशी मी चढवायच्या खोलीत नवीन माणसाच्या गाऊनच्या नाड्या बांधत होते.

"मगाशी कुठं, आई? मी आत्ता येतेय."

"वा गं. इथंच तर बसली होतीस, खुर्चीत. मी म्हटलं, पोपटाला आज कुलूप लागलंय की काय." दोन वाक्यांनंतर तिला दम खावा लागायचा. "आणि पोपट माझ्याकडे बघत नव्हता. दाराकडे बघत होता."

मी माझ्या छातीकडे पाहिलं. चोच उशीकडे होती. गाऊन उलटा घातला तर चित्र मागून दिसेल आणि चोच फिरेल, दाराकडे. हे मला लगेच कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"ती काय, तूच की. म्हणालीस, सावकाश, कुणी मागे लागलेलं नाही."

मी पडदा सरकवून बघितला, पलंगाखाली वाकून बघितलं, कपाट उघडलं. आई हसायला लागली, मग तिला खोकला आला. मी तिच्या ऑक्सिजनच्या मास्कचा पट्टा मागून घट्ट केला आणि तिचा हात हातात घेतला.

"आई, नीट ऐक. कुणीही काहीही सांगू दे, मी सांगितलं तरी, हा मास्क काढायचा नाही. हा निघाला तर तू जाशील. कळलं का?"

"कळलं गं बाई. ओरडू नकोस. मघाची बरी होतीस."

मला त्या क्षणी इतका राग आला की काय सांगू. भीती नंतर वाटली. आधी नुसता राग, माझ्या आईपाशी माझ्या खुर्चीत माझं चित्र लावून बसणाऱ्याचा.

त्या दिवसापासून आईच्या खोलीत सतत कुणीतरी बसवायचं मी ठरवलं. माणसं कमी होती, निम्मा स्टाफ आजारी. जमेल तेवढं मीच बसले. पण किटमध्ये किती वेळ राहणार? गॉगलमध्ये घामाचं तळं होतं, डोकं गरगरायला लागतं. कधीतरी उठून उतरवायलाच लागतं.

५

दुपार उतरत होती. आईला डुलकी लागली तेव्हा मी उठले. पाच मिनिटांत दुसरी नर्स येणार होती आणि तोवर मला काचेतून आई दिसणारच होती. उतरवायच्या खोलीत शिरले, दार लावलं. बाहेरच्या काचेपलीकडे मावशी येऊन उभ्या राहिल्या. समोरच्या काचेतून आईचा पलंग दिसत होता, पलंगाच्या पलीकडे अर्धा ओढलेला पडदा.

"आधी हातमोजे," स्पीकरमधून आवाज आला. "सावकाश."

मी हातमोजे काढले, एकात एक. पिशवीत टाकले. वर पाहिलं तर आई जागी होऊन उठून बसली होती. तिच्या मांडीवर लोकरीच्या हातमोज्यांचा लहानसा गोळा होता. उकडत असेल, असं मनात आलं. खिडक्या उघड्या, वारा बोचरा, आणि मला वाटलं उकडत असेल. दमलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं.

"आता गाऊन."

नाड्या सोडल्या, खांद्यावरून गाऊन ओढला, उलटा करत गोळा केला. हात चोळले. समोर आईनं स्वेटरची बटणं काढली होती. आयुष्यात कधी न दाखवलेल्या निगुतीनं तिनं दोन्ही बाह्या उलट्या केल्या आणि स्वेटर गुंडाळला. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती पडद्याच्या बाजूला मान वर करून बघत होती, नवीन माणसं माझ्याकडे बघतात तशी, पुढं काय करायचं ते ऐकायला.

"गॉगल."

हात आपोआप वर गेले. हे सगळ्यात वाईट आहे, वर्षानुवर्षांची सवय, आवाज आला की हात चालतात. गॉगल निघाला तशी समोरची काच लख्ख झाली. आईनं चष्मा काढून स्वेटरवर ठेवला. आणि पडद्याच्या कडेला मला एक बाही दिसली. पांढरी. तिची शिवण बाहेर होती.

"शेवटी मास्क," आवाज म्हणाला. "सावकाश. कुणी मागे लागलेलं नाही."

माझी बोटं कानामागच्या पट्ट्याला लागली होती. आईची बोटंही कानामागे होती.

मी थांबले. आई थांबली. मी हात खाली घेतला, अगदी हळू. आईचा हात खाली आला, अगदी हळू. नुसतं बघायला म्हणून मी बोट पुन्हा पट्ट्याकडे नेलं, आणि आईनं तिचं बोट नेलं. यापुढे बघायची माझी छाती झाली नाही.

मी आतलं दार उघडून आईकडे धावले. गाऊन नाही, हातमोजे नाहीत, साधं पायताणसुद्धा बदललेलं नाही. कुणी दुसऱ्यानं हे केलं असतं तर मी त्याला नोकरीवरून काढायला लावलं असतं. मागून मावशी काच बडवत होत्या. आईच्या खोलीत पडदा वाऱ्यानं हलत होता आणि त्यामागे भिंत होती. मी आईला स्वेटर घातला, चष्मा लावला, हातमोजे चढवले, तिचे गार पडलेले हात काखेत धरले.

"अगं, एकच राहिलं होतं," आई म्हणाली, थोडी हिरमुसून.

तिला छातीशी धरून मी मागे वळून पाहिलं. उतरवायच्या खोलीत, आत्ता मी उभी होते त्याच जागी, काचेला लागून कुणीतरी उभं होतं. अंगात गाऊन, छातीवर पुसट पोपट, चोच उलटीकडे. दोन्ही हात कानांपाशी नेऊन ते वाट बघत होतं. मी डोळे मिटले आणि उघडले तेव्हा तिथं पिवळी पिशवी होती आणि तिची चिकटपट्टी सुटलेली होती.

नंतर मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी कुठं काय बोलले, ताई? तुम्हीच एकेक पायरी मोठ्यानं म्हणत होतात. मला वाटलं, आज स्वतःचं स्वतःच करायचंय."

असेलही. मला बडबडायची सवय आहे, हे मी आधीच सांगितलंय.

६

साथ संपून आता बरेच दिवस झाले. मागचा भाग उघडला, बोळातल्या वाट दाखवणाऱ्या पट्ट्या काढल्या, किट कुणी घालत नाही. सगळ्यांची तोंडं पुन्हा दिसायला लागली. आई आजारातून उठली, जेवते, भांडते. फुप्फुसं मात्र कायमची गेली, ऑक्सिजन सुटणार नाही असं डॉक्टर म्हणाले. तिचा मास्क तिच्या तोंडावर आहे, आणि माझा माझ्या.

लोक हसतात. डॉक्टरांनी एकदा बाजूला घेऊन, ओळखीचा चांगला मनोविकारतज्ज्ञ आहे, असं सांगितलं. मी घरी एकदा करून पाहिलं होतं. पाणी प्यायला म्हणून मास्क हनुवटीखाली ओढला, आणि पेला खाली ठेवायच्या आत फोन वाजला. मावशी होत्या. आईनं मास्क काढला होता, त्या नेमक्या खोलीत होत्या म्हणून निभावलं. तेव्हापासून मी कडेनं नळी सरकवून पाणी पिते. मऊ भात, पेज, जे आतून जाईल ते खाते. मास्क बदलताना नवा वरून चढवते आणि मग जुना खालून ओढून काढते. कानांमागे जखमा झाल्यात, त्यांचं काही नाही. आई जिवंत आहे.

आज दुपारी तिच्यापाशी बसले होते. ऊन तिच्या पायांवर आलं होतं.

"किती महिन्यांत तुझं तोंड बघितलं नाही मी," ती म्हणाली. "सगळ्यांनी काढले. तूच का नाही गं?"

"काढेन, आई."

"कधी? मी गेल्यावर?"

मला रडू आलं आणि मास्क आतून ओला झाला. उन्हातही गार पडणाऱ्या, लोकरीच्या हातमोज्यातल्या हातानं तिनं माझ्या कपाळावरचे केस मागे केले. मग तिनं तो हातमोजा काढला. दुसराही काढला आणि पहिला त्याच्या आत घातला.

"आई, थंडी वाजेल. घाल ते."

"अगं, असं काय करतेस," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "सकाळी तूच तर म्हणालीस ना, आज आपण दोघी मिळून काढू."

आणि ती स्वेटरची बटणं काढायला लागली, सावकाश.